हाताला बसलेला एक शॉर्टकट किंवा एक छोटं सॉफ्टवेअर सांगा

चांदणवेल

माझं काम अहवाल लिहिण्याचं. तीन-चार फायली उघड्या असतात, त्यातले उतारे उचलून एका मुख्य फायलीत आणायचे. इतकी वर्षं माझी पद्धत ठरलेली होती: इथे कॉपी, तिकडे पेस्ट, परत इथे, पुन्हा कॉपी. दिवसभर हीच ये-जा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरची मुलगी थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, कंट्रोल व्हीच्या जागी विंडोज व्ही दाबून बघा ना." दाबलं. एक छोटी चौकट आली, ही सोय सुरू करायची का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. तेव्हापासून मी जे जे कॉपी करते ते सगळं त्या चौकटीत एकाखाली एक जमा होतं. शेवटच्या २५ गोष्टी राहतात. आता मी एका फायलीतले आठ उतारे सलग कॉपी करते, मग मुख्य फायलीत येऊन हवा तो निवडते. नेहमी लागणारा मजकूर पिन करून ठेवला की कॉम्प्युटर बंद करून सुरू केला तरी तो तिथेच असतो.

नंतर वाचलं की ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरीपासून आहे. म्हणजे माझ्या बोटाखाली होती आणि मला कुणी सांगितलंच नाही. त्याचं खरंच वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

विनंती एकच. शंभर शॉर्टकटांची यादी नको, ती कुठेही मिळते. प्रत्येकाने एकच सांगा, पण कुठल्या कामात आणि नेमका कसा उपयोग होतो ते सांगा.

रानवारा

कंट्रोल शिफ्ट टी.

ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब परत येतो. पुन्हा दाबलं की त्याच्या आधी बंद केलेला, मग त्याच्याही आधीचा. अख्खी खिडकी बंद झाली असेल तर तीसुद्धा सगळ्या टॅबांसकट परत येते. खासगी खिडकी बंद केली की मात्र त्यातलं येत नाही, ते गेलं ते गेलं.

भिंगरी

विंडोज शिफ्ट एस. स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा कापून घेता येतो. तो थेट क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं तिथे) जातो, म्हणजे चांदणवेलच्या त्या चौकटीतही दिसतो.

शून्य_अंश

माझं मत सॉफ्टवेअरला. "एव्हरीथिंग".

काम फक्त एकच: फायलीचं नाव टाइप करा, ती कुठे आहे ते दाखवतं. शोध सुरू व्हायची वाटच बघावी लागत नाही. तुम्ही "कर" टाइप केलंत की ज्यांच्या नावात "कर" आहे त्या सगळ्या फायली समोर, "करार" होईपर्यंत यादी पंधरावर आलेली, पुढे स्पेस देऊन "१९" लिहिलं की एकच उरते. प्रत्येक अक्षरागणिक यादी आक्रसताना बघायला मलाच अजून मजा येते.

हे इतकं जलद कसं? विंडोजची डिस्क साधारणपणे एनटीएफएस पद्धतीने आखलेली असते आणि त्या पद्धतीत सगळ्या फायलींची नोंदवही एकाच जागी ठेवलेली असते. एव्हरीथिंग फोल्डरामागून फोल्डर पालथे घालत बसत नाही, ती नोंदवहीच वाचतं. पुस्तकात विषय शोधायला प्रत्येक पान उलटायचं की मागची सूची बघायची, तसा फरक. मात्र शोध नावावरून आहे. आतल्या मजकुरातही शोधता येतं, पण ते असं चुटकीसरशी होत नाही. म्हणून फायलींना धड नावं द्यायची सवय लावा. "नवीन डॉक्युमेंट ४" अशी नावं देऊन ठेवलीत तर कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकणार नाही.

जुना_जाणता

शून्य_अंश, तुम्ही सांगितलेलं सॉफ्टवेअर चांगलंच आहे, वाद नाही. पण सरसकट "हे टाका, ते टाका" म्हणायला माझा विरोध आहे. नात्यागोत्यातले, ओळखीपाळखीतले बिघडलेले कॉम्प्युटर माझ्याकडे येतात, त्यावरून बोलतो.

मागे एक लॅपटॉप आला. तक्रार अशी की सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. बघतो तर त्यावर वेग वाढवणारी दोन सॉफ्टवेअर्स, एक रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारं, एक ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारी छोटी सॉफ्टवेअर्स) शोधणारं, आणि ही चौघं सुरुवातीलाच एकदम धावायला निघायची. वेग वाढवायला आणलेल्यांनीच वेग खाल्ला होता. चारही काढली, लॅपटॉप मिनिटभरात सुरू व्हायला लागला. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवलेलं आहे, तरी लोक टाकतात.

आणि ती आली कुठून? डाउनलोडच्या पानावर मोठं हिरवं बटण असतं, ते जाहिरातीचं. खरा दुवा खाली बारीक अक्षरात. माणूस घाईत हिरवं दाबतो. त्यामुळे माझा सल्ला: आधी कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते वापरा. त्याने भागत नसेल तरच बाहेरचं घ्या, तेही बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून.

आणि माझा एक शॉर्टकट: विंडोज एल. जागेवरून उठताना स्क्रीन कुलूपबंद. एका हाताने होतं.

शून्य_अंश

जुना_जाणता, मूळ मुद्दा मान्य. पण "बाहेरचं म्हणजे धोका" असं समीकरण होऊ नये. व्हिडिओ बघायचं व्हीएलसीच घ्या. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, २००१ पासून त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि आजही जाहिरातीशिवाय मिळतं. फायली दाबून लहान करणारं ७-झिप १९९९ पासून आहे. अशी सॉफ्टवेअर्स पारखून घेतली तर वर्षानुवर्षं साथ देतात.

तुमच्या सल्ल्याला एक जोड देतो. ७-झिप स्वतःहून अपडेट होत नाही. पाच वर्षांपूर्वी टाकून विसरला असाल तर आज जाऊन नवी आवृत्ती घ्या, मधल्या काळात त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त झाल्या आहेत.

तळटीप

चांदणवेल, विंडोज व्हीबद्दल एक गोष्ट कुणीतरी सांगायलाच हवी. तुम्ही पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या चौकटीत जाऊन बसू शकतो, उघडा, वाचता येईल असा. शेजारी कुणी उभं असताना ती चौकट उघडली की संपलं.

पिन न केलेल्या गोष्टी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर जातात, पण बरेच जण कॉम्प्युटर बंद न करता नुसता मिटवून ठेवतात, तेव्हा त्या तशाच राहतात. चौकटीत "सगळं पुसा" अशी सोय आहे, ती वापरा. सेटिंगमध्ये क्लिपबोर्ड इतर उपकरणांवर नेण्याची सोय आहे, गरज नसेल तर ती बंदच असू द्या.

खरा उपाय म्हणजे पासवर्डसाठी वेगळं सॉफ्टवेअर. मी कीपास वापरते. त्यातून पासवर्ड कॉपी केला की काही सेकंदांत क्लिपबोर्डवरून तो आपोआप पुसला जातो. बिटवॉर्डनही चांगलं आहे, विशेषतः फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे हवं असेल तर.

चांदणवेल

बाप रे. आत्ता उघडून बघितलं, वरून तिसऱ्या ओळीत माझ्या मेलचा पासवर्ड होता. पुसला आणि बदललाही. तळटीप, मनापासून आभार.

ओंजळ

मॅकवाले कुणीच दिसत नाहीत, म्हणून मी. फाइल निवडा आणि स्पेसबार दाबा. फाइल न उघडता आत काय आहे ते दिसतं: फोटो, पीडीएफ, गाणं, काहीही. पुन्हा स्पेसबार, बंद. ढीगभर फोटोंतून एक निवडताना बाणाच्या बटणांनी पुढे पुढे जात राहायचं. मला अधूनमधून विंडोजवर बसावं लागतं तेव्हा हात आपोआप स्पेसबारवर जातो.

भिंगरी

ओंजळ, तेच विंडोजवर हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या छोट्या सोयींच्या संचात "पीक" आहे. पॉवरटॉइज हा खटाटोप विंडोज ९५ च्या काळातला, मधे बंद पडला होता, २०१९ मध्ये नव्याने सुरू झाला. फुकट आहे आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचा आहे, म्हणजे जुना_जाणता यांचीही हरकत नसावी :)

जुना_जाणता

नाही, त्याला हरकत नाही. मीही वापरतो. चित्रातला किंवा व्हिडिओतला मजकूर उचलायची त्यातली सोय झकास आहे.

कळफलक

मराठी टायपिंगबद्दल अजून कुणीच बोललं नाही? आपण सगळे इथे मराठीत लिहितोय आणि!

विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. भाषा आधी सेटिंगमध्ये घालून ठेवावी लागते, तीही एकदाच. मी इन्स्क्रिप्टवाली आहे, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या त्या कीबोर्ड मांडणीवर लिहिणारी. सुरुवातीचे आठ-दहा दिवस कंटाळवाणे जातात, पण मांडणीत तर्क आहे: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. डावा-उजवा, डावा-उजवा अशी लय लागली की बघायचीही गरज उरत नाही.

आता जे सगळ्यांना अडतं ते. "दऱ्या", "सुऱ्या" मधला तो आडवा र. बरेच जण "दर्या" लिहून मोकळे होतात आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. इन्स्क्रिप्टवर र आहे इंग्रजी "J" च्या कळेवर. शिफ्ट धरून "J" दाबलं की ऱ येतो, मग "D" दाबून हलन्त, मग य. झालं, "ऱ्य" तयार. तीन कळा, पण शब्द शुद्ध.

आगंतुक

कळफलक, हे किती दिवस शोधत होतो! मी दर वेळी दुसरीकडून "ऱ्य" कॉपी करून आणायचो.

एक शंका. जुन्या पीडीएफमधून मराठी उतारा कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा काला पेस्ट होतो. ते का?

कळफलक

कारण ती फाइल युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये केलेली असते. त्या फाँटांमध्ये आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त त्याचं चित्र "क" असं काढलेलं असायचं. फाँट काढून घेतला की मुखवटा गळतो आणि खालची इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणून त्या फायलींत मराठी शब्द शोधलात तर सापडत नाही. प्रत्येक फाँटची जुळवणी वेगळी, त्यामुळे त्या त्या फाँटसाठीचं रूपांतर करणारं साधनच लागतं, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. नवं जे काही लिहाल ते मात्र युनिकोडमध्येच लिहा.

दीपमाळ

मी पहिल्यापासून वाचतेय. खरं तर ऐकतेय. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर वापरते, ते स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं.

तुमच्यासाठी शॉर्टकट म्हणजे वाचलेला वेळ. माझ्यासाठी तो रस्ता आहे, कारण माउसचा बाण कुठे आहे हे मला कळतच नाही. जे कीबोर्डने होतं ते मी करू शकते, जे होत नाही तिथे मी थांबते.

एनव्हीडीएचं काम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केलं, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही दिसत नाही. तोवर अशी चांगली सॉफ्टवेअर्स फार महाग असायची, हे मात्र फुकट आणि खुलं. ज्याला गरज आहे त्यानेच बनवलेलं असल्यामुळे त्यातल्या बारीकसारीक गोष्टी इतक्या अचूक आहेत.

एखादं वेबपान मी कसं वाचते ते सांगते. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी. के दाबलं की पुढच्या दुव्यावर, टी दाबलं की तक्त्यावर, बी दाबलं की बटणावर. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की मागे. इन्सर्ट आणि एफ ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या दुव्यांची किंवा शीर्षकांची यादी मिळते. तुम्ही पानावरून नुसती नजर फिरवता ना, ते मी एच एच एच करत करते.

पण हे सगळं लिहिणाऱ्याने शीर्षक म्हणून खूण केली असेल तरच. आता माझी विनंती, आणि माझा एक शॉर्टकटही तोच. वर्डमध्ये शीर्षक देताना नुसती अक्षरं मोठी आणि ठळक करू नका. त्या ओळीवर असताना कंट्रोल अल्ट १ दाबा. त्याच्या आतल्या उपशीर्षकाला कंट्रोल अल्ट २. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसेल, पण ठळक अक्षरांचं शीर्षक मला साध्या ओळीसारखंच ऐकू येतं. मागे मला ऐंशी पानांचा एक दस्तऐवज आला होता, त्यात एकही खरं शीर्षक नव्हतं. हवं ते प्रकरण गाठायला मी पहिल्या पानापासून ऐकत गेले. संध्याकाळ गेली त्यात.

आणि दुव्यावर नुसतं "इथे क्लिक करा" लिहू नका. यादीत मला ओळीने बारा वेळा "इथे क्लिक करा" ऐकू येतं. दुवा कशाचा आहे ते लिहा.

रानवारा

दीपमाळ, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि चालू अहवाल उघडला. साठ पानं, सगळी शीर्षकं हाताने ठळक केलेली. अर्ध्या तासात सगळ्यांना कंट्रोल अल्ट १ आणि २ लावलं. त्यानंतर कळलं की डाव्या बाजूला शीर्षकांची पट्टी उघडते, तिथून कुठेही उडी मारता येते. अनुक्रमणिकाही वर्डनेच तयार केली, पानं बदलली की त्यावर एफ ९ दाबायचं, आकडे दुरुस्त होतात. मी दर वेळी पानांचे आकडे हाताने भरायचो.

तळटीप

+१. आमच्याकडे उद्यापासून सगळ्या टिपणांना हे लावायला सांगते.

आगंतुक

माझा एक्सेलमधला. कंट्रोल ई.

एका रकान्यात "आडनाव, नाव" असं एकत्र आहे आणि तुम्हाला फक्त नाव हवंय. शेजारच्या रकान्यात पहिल्या ओळीत ते नाव हाताने लिहा. खालच्या घरात या, कंट्रोल ई दाबा. एक्सेल तुमच्या उदाहरणावरून ओळखतं आणि खालचा सगळा रकाना भरून टाकतं. २०१३ च्या आवृत्तीपासून आहे.

पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हे सूत्र नाही, एकदाच भरलेला मजकूर आहे. मूळ रकाना बदलला तर हा बदलत नाही. आणि कुणाचं नाव दोन शब्दांचं असेल तर तिथेच चूक होते. मी भरून झालं की रिकामी आणि विचित्र दिसणारी घरं आधी बघतो.

शून्य_अंश

एक्सेलवरून आठवलं. लांबलचक क्रमांक टाकताना जपा. एक्सेल आकड्यातले १५ अंकच नेमके ठेवतं, सोळाव्यापासून पुढे शून्य करून टाकतं, आणि सुरुवातीची शून्यं तर गिळूनच टाकतं. खाते क्रमांक किंवा फोन क्रमांक भरण्याआधी रकाना "टेक्स्ट" करून घ्या. भरल्यानंतर करून उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नाहीत.

ओंजळ

अवांतर: कट-कॉपी-पेस्ट या कल्पनेमागे लॅरी टेस्लर हे मोठं नाव. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या "पार्क" या संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्याबरोबर जिप्सी नावाच्या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, त्यात हे आलं. २०२० मध्ये ते गेले. ज्या तीन गोष्टी आपण दिवसभर करतो त्या कुणालातरी आधी सुचाव्या लागल्या, हे मला विलक्षण वाटतं.

भिंगरी

आणि कंट्रोल अल्ट डिलीट आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांचं. ते मुळात प्रोग्रॅमरांना कॉम्प्युटर झटपट पुन्हा सुरू करता यावा म्हणून होतं. तीन कळा अशा निवडल्या की चुकून एकदम दाबल्या जाऊ नयेत.

तळटीप

पुन्हा थोडं गंभीर. पीडीएफमधला मजकूर लपवायला त्यावर काळा चौकोन काढणाऱ्यांसाठी.

मला एकदा एक पत्र आलं, नावं आणि रकमा काळ्या पट्ट्यांखाली. मी सहज कंट्रोल ए, कंट्रोल सी केलं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. सगळी नावं, सगळ्या रकमा समोर. पट्टी फक्त वर चिकटवलेली होती, खालचा मजकूर जागच्या जागी. मी लगेच पाठवणाऱ्याला फोन केला. तुम्ही स्वतः असं काही पाठवणार असाल तर मजकूर खरोखर काढून टाकणारी सोय वापरा, आणि पाठवण्याआधी हीच कॉपी-पेस्टची चाचणी करून बघा. तसंच पीडीएफ जोडायला-तोडायला कुठल्याही साइटवर चढवू नका. पीडीएफसॅम आहे, तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं, फाइल बाहेर जात नाही.

जुना_जाणता

हे सगळ्यांनी वाचावं.

माझी आणखी एक कळकळीची सूचना. शिफ्ट डिलीट हाताला बसवून घेऊ नका. साधं डिलीट केलं तर फाइल रिसायकल बिनमध्ये असते. शिफ्ट डिलीटला तो टप्पाच नाही. पूर्वीच्या फिरत्या हार्ड डिस्कवरून ती पुष्कळदा परत मिळवता यायची. आताच्या एसएसडीमध्ये (न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्कमध्ये) पुसलेली जागा डिस्क स्वतःच लगोलग मोकळी करते, त्यामुळे आशा जवळजवळ नसते. माझ्यासमोर लोक रडले आहेत हो. महत्त्वाच्या फायली तीन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर.

चांदणवेल

दहा दिवसांनी परत आले. इतकं वाचलं, पण हाताला खरंच काय बसलं ते सांगते: विंडोज व्ही (पासवर्डाशिवाय!), कंट्रोल शिफ्ट टी, आणि दीपमाळचं कंट्रोल अल्ट १. ते तिसरं तर आता न दाबता शीर्षक लिहिलंच जात नाही. एव्हरीथिंगही टाकलं.

आता एक अडचण. कार्यक्रमाचे दोनशेच्या वर फोटो आहेत, कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावांचे. प्रत्येकाचं नाव बदलत बसू का?

भिंगरी

अजिबात नाही. आधी फोल्डरची एक प्रत काढून ठेव. मग फोटो तारखेनुसार लाव, कंट्रोल ए, एफ २, नाव लिही, एंटर. सगळ्यांना तेच नाव आणि कंसात क्रमांक मिळतो. नावातला काही भाग तसाच ठेवायचा असेल तर पॉवरटॉइजमधलं पॉवररिनेम घे, त्यात बदल करण्याआधीच नवी नावं शेजारी दिसतात. आणि दहा-बाराच फोटोंना वेगवेगळी नावं द्यायची असतील तर पहिल्यावर एफ २, नाव लिहून एंटरऐवजी टॅब. पुढचा फोटो आपोआप नाव बदलायला उघडतो.

चांदणवेल

टॅबवालं करून बघितलं. मुख्य बारा फोटो दोन मिनिटांत झाले, बाकीचे एफ २ ने एकदम. दीपमाळ, फोटोंना मी आता काय आहे ते सांगणारी नावं दिली आहेत, तुम्हाला पाठवायची वेळ आली तर ऐकूनच कळतील.

दीपमाळ

पाठवा. अहवालही पाठवा, एच दाबत दाबत वाचते.